खताची पिशवी, वहीतले सूत्र आणि प्रभाराचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: निफाड तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार विचारतात, मुलगी नववीत आहे, संयुगांची नावे आणि सूत्रे पाठ करते आणि तरी पेपरात गोंधळते. बागेच्या शेडमध्ये कॅल्शिअम नायट्रेट, फेरस सल्फेट, झिरो-बावन्न-चौतीस अशी खते पडलेलीच असतात. ती समोर ठेवून शिकवता येईल का? आणि पिशवीवरची नावे पुस्तकातल्या नावांशी का जुळत नाहीत?

शिकवता येईल, आणि नुसत्या वहीपेक्षा बरेच चांगले. पिशवीवर टक्केवारी छापलेली असते आणि सूत्र चुकले तर ती टक्केवारी येत नाही. घरबसल्या पडताळा मिळतो.

आधी लिहिण्याची एक सोय. खाली सूत्रे आपण वर्गात मोठ्याने वाचतो तशी लिहिली आहेत: सोडिअम क्लोराइड म्हणजे एनए-सीएल. मधली आडवी रेघ फक्त धन आणि ऋण आयन (विद्युत प्रभार असलेले अणू किंवा अणुगट) वेगळे दिसावेत म्हणून आहे, वहीत ती नसते. वहीत संज्ञा रोमन अक्षरांत, पहिले अक्षर मोठे, दुसरे असल्यास लहान, आणि अंक खाली उजवीकडे बारीक. मोठ्या-लहान अक्षराचा नियम शुद्धलेखनाचा हट्ट नाही. मोठा सी आणि लहान ओ म्हणजे कोबाल्ट हा धातू; दोन्ही मोठी म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू.

आता पाठ काय करायचे? सूत्रे नव्हे, आयन. आणि आयन प्रभारासकट. ‘सल्फेट म्हणजे एसओ४’ एवढेच येत असेल तर काम अर्धे झाले; ‘एसओ४, उणे दोन’ हे एका दमात तोंडून निघाले पाहिजे. पुस्तकात यांना मूलके म्हणतात, धन प्रभाराची ती आम्लारिधर्मी आणि ऋण प्रभाराची ती आम्लधर्मी. संयुजा म्हणजे इथे चिन्ह सोडून उरलेला प्रभाराचा आकडा. दहा धन आणि दहा ऋण आयन पक्के असले की शंभर सूत्रे आपोआप लिहिता येतात. शंभर सूत्रे घोकणाऱ्याला मात्र एकशे एकावे अडते.

धन बाजूला सोडिअम, पोटॅशिअम, चांदी आणि अमोनियम (एनएच४) यांचा प्रभार एक. मॅग्नेशिअम, कॅल्शिअम, बेरिअम, झिंक यांचा दोन. अ‍ॅल्युमिनिअमचा तीन. लोह दोन किंवा तीन, तांबे एक किंवा दोन, कथील आणि शिसे दोन किंवा चार. ऋण बाजूला क्लोराइड, हायड्रॉक्साइड (ओएच), नायट्रेट (एनओ३), नायट्राइट (एनओ२), बायकार्बोनेट (एचसीओ३), परमँगनेट (एमएनओ४) यांचा एक. ऑक्साइड, सल्फाइड, सल्फेट, सल्फाइट (एसओ३), कार्बोनेट (सीओ३), डायक्रोमेट (सीआर२ओ७) यांचा दोन. फॉस्फेट (पीओ४) आणि नायट्राइड यांचा तीन.

इथे तीन शेपट्या नीट ऐकायला शिकवा: आइड, आइट, एट. आइड म्हणजे बहुधा एकटे मूलद्रव्य (हायड्रॉक्साइड आणि सायनाइड हे ठळक अपवाद). आइट आणि एट म्हणजे सोबत ऑक्सिजन आहे. सल्फाइट आणि सल्फेट, नायट्राइट आणि नायट्रेट या जोड्यांत आइटमध्ये ऑक्सिजन एकाने कमी, पण प्रभार तोच. नायट्राइड उणे तीन आणि नायट्राइट उणे एक, एका अक्षराच्या फरकाने सूत्र पार बदलते. मॅग्नेशिअम नायट्राइड एमजी३-एन२, तर मॅग्नेशिअम नायट्राइट एमजी(एनओ२)२. ‘एट’ला ठरावीक ऑक्सिजनसंख्या नसते हेही सांगून ठेवा. नायट्रेटला तीन, सल्फेटला चार, कार्बोनेटला तीन. ते पाठच करावे लागते, त्यात तर्क शोधत बसू नये.

सूत्र मांडताना एकच नियम: एकूण धन प्रभार आणि एकूण ऋण प्रभार सारखा. धन आयन आधी, ऋण नंतर. कॅल्शिअम अधिक दोन, नायट्रेट उणे एक, म्हणून एका कॅल्शिअमला दोन नायट्रेट: सीए(एनओ३)२. पुस्तकातला तिरकस गुणाकार, म्हणजे एकाच्या प्रभाराचा आकडा दुसऱ्याच्या खाली लिहिणे, ही हेच काम झटपट करण्याची युक्ती. युक्ती चांगली आहे, पण न समजता वापरली की ती तीन ठिकाणी दगा देते.

पहिले ठिकाण, अंक कमी करणे. मॅग्नेशिअम दोन, ऑक्साइड दोन. तिरकस नेले की एमजी२-ओ२ येते, आणि मुले तसेच ठेवून देतात. आयनिक स्फटिकात सुटे रेणू नसतात, धन-ऋण आयनांची सलग रचना असते. सूत्र फक्त सर्वांत लहान गुणोत्तर सांगते, म्हणून एमजी-ओ. पण हा नियम डोळे झाकून लावला की उलटी चूक होते. मर्क्युरस क्लोराइड एचजी२-सीएल२ असेच लिहायचे, कारण त्यात पाऱ्याचे दोन अणू एकमेकांना बांधलेले असतात आणि त्या जोडीचा मिळून प्रभार अधिक दोन असतो. सोडिअम पेरॉक्साइड एनए२-ओ२ हेही तसेच. पेरॉक्साइड हा ओ२, उणे दोन असा एकसंध आयन. आयनाच्या पोटातला अंक कधी छाटायचा नाही, आयनांच्या संख्येचा अंक छाटायचा.

दुसरे ठिकाण, कंस. संयुक्त मूलक (एकाहून जास्त अणूंचे) एकापेक्षा जास्त वेळा आले तरच कंस. कॅल्शिअम हायड्रॉक्साइड सीए(ओएच)२. कंस गाळून सीए-ओएच२ लिहिले की ऑक्सिजन एकच उरतो. सोडिअम हायड्रॉक्साइडला मात्र कंस नको. सर्वांत जास्त गुण जातात ते अमोनियमवर, कारण धन बाजूला कंस लावायची सवय नसते. अमोनियम सल्फेट (एनएच४)२-एसओ४. इथे पिशवी आणा. वस्तुमाने धरा: नायट्रोजन १४, हायड्रोजन १, सल्फर ३२, ऑक्सिजन १६. बेरीज १३२, त्यात नायट्रोजन २८, म्हणजे २१.२ टक्के. पिशवीवर साडेवीसच्या आसपास आकडा दिसेल. ओलावा आणि अशुद्धी धरून कंपनी किमान हमी छापते, म्हणून तो किंचित कमी. आता मुलीने एनएच४-एसओ४ लिहिले असेल तर १४ भागिले ११४, म्हणजे १२.३ टक्के. पिशवी तिला लगेच सांगते की एक अमोनियम राहून गेले.

तिसरे ठिकाण, बदलती संयुजा. लोह, तांबे, कथील, शिसे यांच्या नावात प्रभार सांगावाच लागतो. जुनी पद्धत अस आणि इक अशा शेवटांची: फेरस, फेरिक, क्युप्रस, क्युप्रिक. अस म्हणजे त्या मूलद्रव्याच्या दोन प्रभारांपैकी कमी, इक म्हणजे जास्त, एवढेच. अस म्हणजे दोन असे मनात बसले की क्युप्रसला घात होतो, कारण तिथे अस म्हणजे एक. नवी पद्धत रोमन अंकाची. अल्फ्रेड स्टॉक या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ती १९१९ मध्ये सुचवली: धातूच्या नावाला लागून कंसात प्रभार. फेरस सल्फेट म्हणजे आयर्न (दोन) सल्फेट, फेरिक म्हणजे आयर्न (तीन). वहीत तो अंक रोमन लिहायचा.

त्या रोमन अंकाबद्दलचा गैरसमज इतका पक्का असतो की तो मुद्दाम उकरून काढा. तो अणूंची संख्या सांगत नाही, एका धातू-आयनावरचा प्रभार सांगतो. सीयू२-ओ बघून मुले ‘कॉपर (दोन) ऑक्साइड’ म्हणतात, कारण तांब्यापुढे दोन दिसतो. हिशेब करा. ऑक्साइड एक, उणे दोन. ते दोन तांब्यांत वाटले, प्रत्येकी एक. म्हणून कॉपर (एक) ऑक्साइड, म्हणजे क्युप्रस. कॉपर (दोन) ऑक्साइड ते सीयू-ओ. सूत्रावरून नाव काढताना नेहमी ऋण बाजूपासून सुरुवात करावी, कारण तिचा प्रभार ठरलेला असतो. एफई२(एसओ४)३: तीन सल्फेट, उणे सहा, सहा दोन लोहांत वाटले, प्रत्येकी तीन, आयर्न (तीन) सल्फेट. झिंक, कॅल्शिअम, अ‍ॅल्युमिनिअम यांना रोमन अंक लावू नये. आणि ‘डायसोडिअम ऑक्साइड’, ‘कॅल्शिअम डायक्लोराइड’ अशी नावेही नकोत. मोनो, डाय, ट्राय हे मोजमाप दोन अधातूंच्या संयुगांसाठी, जसे कार्बन डायऑक्साइड. आयनिक संयुगात प्रभारावरूनच संख्या कळते.

पीबी-ओ२ आणि बीए-ओ२ ही जोडी वरच्या वर्गांसाठी छान आहे. दिसायला सारखी, पण शिसे चार प्रभार घेऊ शकते, म्हणून पहिले लेड (चार) ऑक्साइड. बेरिअम दोनपलीकडे जात नाही, म्हणून दुसरे बेरिअम पेरॉक्साइडच. शेंदूर म्हणजे पीबी३-ओ४. चार ऑक्साइड, उणे आठ. तीन शिशांत आठ सारखे वाटले जात नाहीत, कारण त्यातली दोन शिशे अधिक दोन आणि एक अधिक चार असते. हिशेब तिथेही पुरा होतो.

शेडमधली हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, हाच फरक डोळ्यांना दाखवते. ताजे स्फटिक फिकट हिरवे. डबा उघडा राहिला की वर पिवळसर तांबूस पापुद्रा धरतो, तो फेरिक. पाण्यात विरघळवून ठेवले तर द्रावण गंजाच्या रंगाचे होते. चुनखडीयुक्त जमिनीत तर लोह अधिक तीन होऊन एफई(ओएच)३ स्वरूपात बसून जाते आणि वेलीची कोवळी पाने पिवळी राहतात. लोह जमिनीत असते, पण वेलीला घेता येत नाही. नावातला अस आणि इक बागेत असा दिसतो.

फॉस्फेटकडे जरा जास्त वेळ द्या, कारण पिशवीवरच्या नावांचा निम्मा गोंधळ तिथला आहे. फॉस्फेट उणे तीन. त्याला एक हायड्रोजन चिकटला की एचपीओ४, उणे दोन. दोन चिकटले की एच२पीओ४, उणे एक. प्रत्येक हायड्रोजन प्रभार एकाने खाली आणतो, ऑक्सिजन चारच राहतात. कार्बोनेट उणे दोन आणि बायकार्बोनेट उणे एक, तेही याच कारणाने. आता झिरो-बावन्न-चौतीस. व्यापारी नाव मोनो पोटॅशिअम फॉस्फेट, शास्त्रीय नाव पोटॅशिअम डायहायड्रोजन फॉस्फेट, सूत्र के-एच२पीओ४. मोनो शब्द पोटॅशिअम मोजतो, डाय शब्द हायड्रोजन मोजतो, पदार्थ एकच. ‘पोटॅशिअम फॉस्फेट’ एवढेच ऐकून मुलगी के३-पीओ४ लिहील, आणि त्या नावाला ते बरोबरच आहे.

पिशवीवरचे तीन आकडे नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशिअम या क्रमाने असतात, पण शेवटचे दोन सरळ फॉस्फरस आणि पोटॅशिअमचे नसतात. खतांच्या व्यवहारात ते पी२ओ५ आणि के२-ओ या ऑक्साइडांच्या रूपात मोजण्याची जुनी रीत आहे. पिशवीत ही ऑक्साइडे नसतात, ती फक्त मोजण्याची एकके आहेत. के-एच२पीओ४ चे वस्तुमान ३९ अधिक २ अधिक ३१ अधिक ६४, म्हणजे १३६. दोन एककांपासून, म्हणजे २७२ मधून, एक पी२ओ५ (१४२) आणि एक के२-ओ (९४) निघते. १४२ भागिले २७२, ५२.२ टक्के, ९४ भागिले २७२, ३४.६ टक्के. बावन्न-चौतीस आले. तसेच तेरा-झिरो-पंचेचाळीस म्हणजे पोटॅशिअम नायट्रेट, के-एनओ३, वस्तुमान १०१: नायट्रोजन १३.९ आणि के२-ओ ४६.५. बारा-एकसष्ट-झिरो म्हणजे मोनो अमोनियम फॉस्फेट, एनएच४-एच२पीओ४, वस्तुमान ११५: नायट्रोजन १२.२, पी२ओ५ ६१.७. ही तीन गणिते मुलीने स्वतः केली की बारा-एकसष्ट हे नाव तिला पुन्हा पाठ करावे लागणार नाही.

कॅल्शिअम नायट्रेटची पिशवी मात्र आधी तुम्हीच तपासा, नाहीतर तिच्यासमोर अडाल. सीए(एनओ३)२ चे वस्तुमान १६४, नायट्रोजन १७.१ टक्के. चार पाण्याचे स्फटिक धरले तर २३६ आणि ११.९ टक्के. पिशवीवर बहुधा १५.५ असते, दोन्हींशी न जुळणारे. कारण दाणेदार खत हा दुहेरी क्षार असतो: पाच कॅल्शिअम नायट्रेट, एक अमोनियम नायट्रेट आणि दहा पाणी. पाच कॅल्शिअमचे दहा आणि अमोनियमचा एक, असे धन अकरा; नायट्रेटही अकरा. वस्तुमान १०८०, नायट्रोजन १६८, टक्केवारी १५.६. पिशवीवर थोडा अमोनिअ‍ॅकल (अमोनियमच्या रूपातला) नायट्रोजन वेगळा दाखवलेला असतो, तो यातलाच. म्हणजे पुस्तक चूक नाही आणि पिशवीही चूक नाही. व्यापारी नाव अर्धवट आहे. युरियाचेही मुलीला वेगळे सांगा: तो आयनिक नाहीच, त्याला ही पद्धत लागू होत नाही.

स्फटिकजल सूत्रात मध्यावर टिंब देऊन लिहितात. त्या टिंबाचा अर्थ गुणाकार नव्हे, ‘सोबत’. मोरचूद म्हणजे कॉपर (दोन) सल्फेट पेंटाहायड्रेट, सीयू-एसओ४·५एच२ओ, वस्तुमान सुमारे २५०, तांबे २५.४ टक्के. तापवून पाणी घालवले की निळी पूड पांढरी पडते आणि तांबे ३९.८ टक्क्यांवर जाते. झिंक सल्फेटच्या पिशव्यांवर कुठे २१ आणि कुठे ३३ टक्के असते. पहिल्यात सात पाणी, दुसऱ्यात एक. शुद्ध धरून आकडे २२.७ आणि ३६.४ येतात. मात्रा ठरवताना पाणी न बघता एकाच्या जागी दुसरे वापरले तर झिंक दीडपट होते, आणि फवारणीत पाने करपू शकतात.

मोरचूद आली की बोर्डो मिश्रण आलेच. द्राक्षावरच्या केवडा या रोगासाठी ते फ्रान्समध्ये १८८५ च्या सुमारास पुढे आले, आणि नाशिककडे छाटणीनंतर अजूनही मारतात. एक टक्का मिश्रणात १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद. अभिक्रिया ढोबळमानाने अशी: सीयू-एसओ४ आणि सीए(ओएच)२ पासून सीयू(ओएच)२ आणि सीए-एसओ४. चारही सूत्रांत दोन-दोन प्रभार आहेत, म्हणून एकास एक प्रमाण. २५० ला ७४, म्हणजे १ किलो मोरचुदाला सुमारे ३०० ग्रॅम विरलेला शुद्ध चुना, किंवा कळीचा चुना सीए-ओ धरला तर २२५ ग्रॅम. प्रत्यक्षात शिफारशीत चुना याहून बराच जास्त असतो. बाजारातल्या चुन्यात खडे असतात, हवेने त्याचा काही भाग सीए-सीओ३ झालेला असतो, आणि मिश्रण किंचित विम्लधर्मी राहिलेले हवे असते. स्वच्छ घासलेले लोखंडी पाते मिश्रणात बुडवून तांबूस थर चढला तर मोकळे तांबे उरले आहे, आणखी चुना हवा. त्या थरामागे लोह अधिक दोन होऊन द्रावणात जाते आणि तांबे अधिक दोनवरून धातू होऊन बाहेर येते. हे मिश्रण लोखंडी किंवा जस्ताच्या बादलीत करत नाहीत, तेही याच कारणाने.

ठिबकच्या टाकीत कॅल्शिअम नायट्रेटसोबत कोणतेही सल्फेट किंवा फॉस्फेट टाकू नये, हे तुम्हाला माहीत आहे. मुलीला त्याचे सूत्र लिहायला सांगा. कॅल्शिअम आणि सल्फेट, दोन-दोन, सीए-एसओ४, तो दोन पाण्यांसह जिप्सम होऊन बसतो. कॅल्शिअम आणि फॉस्फेट, दोन आणि तीन, लघुतम साविभाज्य सहा, म्हणून सीए३(पीओ४)२. पाण्याच्या सामूप्रमाणे (पीएचप्रमाणे) सीए-एचपीओ४ सुद्धा. दोन्ही पाण्यात फारसे विरघळत नाहीत आणि ड्रिपर बुजतात. विहिरीच्या जड पाण्याचा पांढरा थर सीए-सीओ३. तो येतो कॅल्शिअम बायकार्बोनेटपासून, सीए(एचसीओ३)२, जे फक्त पाण्यात असते. त्याची बाटली कुठल्याच प्रयोगशाळेत मिळत नाही.

सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात गेलात तर अपोफिलाईटचे स्फटिक बघा. फ्लुओरअपोफिलाईटचे सूत्र के-सीए४-एसआय८ओ२०-एफ·८एच२ओ असे लांबलचक. सिलिकॉन प्रत्येकी चार धरून एसआय८ओ२० चा प्रभार उणे आठ, फ्लुओराइड उणे एक. पोटॅशिअम एक आणि चार कॅल्शिअमचे आठ. नऊला नऊ.

सरावाला ही घ्या. नावावरून सूत्र: मँगनीज (दोन) सल्फेट, अ‍ॅल्युमिनिअम सल्फेट, अमोनियम फॉस्फेट, फेरिक ऑक्साइड, कॅल्शिअम डायहायड्रोजन फॉस्फेट. सूत्रावरून नाव: सीयू२-एस, एसएन-सीएल४, पीबी(एनओ३)२, के२-सीआर२ओ७. पहिल्या पाचांची उत्तरे क्रमाने एमएन-एसओ४ (एमएन म्हणजे मँगनीज, एमजी म्हणजे मॅग्नेशिअम, पेपरात ही अदलाबदल फार होते), एएल२(एसओ४)३, (एनएच४)३-पीओ४, एफई२-ओ३, सीए(एच२पीओ४)२. पुढची चार: कॉपर (एक) सल्फाइड, टिन (चार) क्लोराइड, लेड (दोन) नायट्रेट, पोटॅशिअम डायक्रोमेट. आणि घरातली तुरटी, के-एएल(एसओ४)२·१२एच२ओ: पोटॅशिअमचा एक, अ‍ॅल्युमिनिअमचे तीन, समोर दोन सल्फेट. सल्फेट दोनच का, हे तिला सांगता आले की पुढचा धडा घ्या.